दोन अंगठ्यांचा हातमोजा

आमच्या स्टोअरकीपरची अंडेताईंबद्दल एकच तक्रार होती, आणि ती त्याने एकोणतीस वर्षं न कंटाळता केली. "ही बाई हातमोजे खाते की काय?" रबरी मोज्यांची एक पेटी आम्हा सगळ्यांना महिनाभर पुरायची आणि ताईंना दहा दिवस. कारण अख्ख्या इमारतीला माहीत होतं, फक्त मोठ्याने कोणी बोलायचं नाही. ताईंच्या डाव्या हाताला दोन अंगठे होते. एक नेहमीच्या जागी, आणि दुसरा त्याला खेटून, जरा बारका, पण नखासकट, पेरासकट पुरा अंगठा. मोज्यात अंगठ्याला जागा एकच. दोघांना तिथे कोंबलं की तासाभरात मोजा टर्रकन फाटायचा, आणि ताई त्या मोज्यालाच दोन शिव्या घालून नवा काढायच्या.

मी त्या प्रयोगशाळेत बोटांवर काम करायचे. म्हणजे बोटं मुळात होतात कशी, यावर. माझ्या काकूने एकदा चारचौघांत विचारलं होतं, "चार वर्षं झाली, अजून बोटंच मोजतेस?" मला असा राग आला म्हणता! पण खरं सांगायचं तर ती फार काही चुकली नव्हती.

तुम्हालाही सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. अंड्यातलं पिल्लू तीन-साडेतीन दिवसांचं असतं तेव्हा त्याला पंख नसतो, पंखाच्या जागी एक बारीकसा फुगवटा असतो, तिळाएवढासुद्धा नाही. आम्ही त्याला कळी म्हणायचो. या कळीच्या टोकाला एक कड असते. तिथल्या पेशींचा एकच धोशा: वाढ, वाढ, थांबू नको. आणि कळीच्या शेपटीकडच्या कोपऱ्यात पेशींचा एक लहानसा घोळका असतो, तो दुसराच निरोप सोडत असतो. कळीचा जो भाग या घोळक्याच्या जवळ त्याला निरोप भरपूर मिळतो, तो होतो शेवटचं बोट. जो लांब त्याला कमी मिळतो, तो होतो पहिलं. कोंबडीच्या पंखात अशी तीन बोटं ठरतात, आपल्या हातात पाच. आता गंमत अशी, की हाच निरोप एका मण्यात भिजवून तो मणी कळीच्या उलट्या, म्हणजे डोक्याकडच्या कोपऱ्यात ठेवला, तर कळीला दोन्हीकडून हाका येतात आणि ती बिचारी दोन्हीकडून बोटं काढत सुटते. निरोप थोडा असेल तर एखादं जादा बोट. भरपूर असेल तर सहा, मधोमध आरसा धरल्यासारखी.

हा मणी ठेवायचं काम माझं, आणि मण्याआधीचं सगळं काम अंडेताईंचं. अंडी आली की त्या एकेक अंडं आडवं ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायच्या. इन्क्युबेटरमध्ये साडेतीन दिवस ऊब दिली की सुईने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे पिल्लू कवचापासून जरा खाली बसतं. मग फुलीच्या जागी चिकटपट्टी लावून बारक्या कात्रीने नखाएवढी खिडकी कापायची. खिडकीतून आत पाहिलं की लाल शिरांचं जाळं आणि मधे धडधडणारा एक ठिपका. मी पहिल्यांदा खिडकी कापली तेव्हा ठिपका, जाळं आणि बलक सगळं माझ्या ॲप्रनवर आलं होतं. ताई मात्र दिवसाला शंभर कापायच्या आणि एकही फोडायच्या नाहीत. त्यांचं डाव्या हातातलं अंडं हलायचंच नाही. दोन अंगठ्यांच्या मधे ते असं बसायचं, की आम्ही खास परदेशातून मागवलेला अंड्यांचा स्टँड कपाटात धूळ खात पडला होता.

माझं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात घाईबाई ठेवलं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. पुढे पुढे तर आमचे सरसुद्धा "घाईबाई कुठे गेल्या?" असं विचारायला लागले.

ताई निवृत्त होणार होत्या त्या महिन्याच्या एक तारखेची गोष्ट. मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते आणि माझं डोकं तापलेलं होतं, कारण दोन महिने माझे मणी रुसले होते. तोच मणी, तोच निरोप, पण पिल्लांना कधी अर्धवट काहीतरी फुटायचं, कधी काहीच नाही, आणि अर्धी तर मरूनच जायची. तेवढ्यात ताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात.

"घाईबाई, एक मागू?"

"मागा की."

"तीस तारखेच्या आत मला एक पिल्लू दे. जादा बोट असलेलं. माझ्या आईला दाखवायचंय."

मला हसू आलं. "ताई, मी पीएचडीसाठी दोन महिने तेच मागतेय. मलाच कोणी देत नाही."

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून माझंही हसू गेलं.

ताईंची आई तरुणपणी हातमोज्यांच्या कारखान्यात होती. लोकरीचे मोजे, चार सुयांवर विणायचे. बारा बायका एका खोलीत, आणि त्यांत हिचा हात सगळ्यांत चपळ. सुया हातात घेतल्या की बोलणं, हसणं, भांडणं सगळं चालू, आणि मोजा आपोआप तयार. ताई पोटात असताना, सातव्या महिन्यात, अशाच बोलण्याच्या नादात हिने एका मोज्याला दोन अंगठे विणले. खोलीभर हशा. मुकादमीण म्हणाली, उसव. हिने उसवला नाही. हातात घालून नाचवला, पोटावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, बाळाला होईल!"

दोन महिन्यांनी बाळ झालं, आणि त्याच्या डाव्या हाताला दोन अंगठे.

"तिने तो मोजा त्याच दिवशी चुलीत घातला," ताई म्हणाल्या. "आणि सुया पुन्हा हातात धरल्या नाहीत. कारखाना सोडला. लाँड्रीत लागली इस्त्रीला. मला काही बोलली नाही कधी. फक्त माझ्या प्रत्येक फ्रॉकला डावीकडे एक खिसा शिवायची. हात खिशात ठेव, एवढंच सांगायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया तसंच सांगत असतील."

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"तीन वर्षांपूर्वी. पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला वाटलं, आता आपण काही वाचत नाही. मला जवळ बोलावलं आणि सगळं सांगून मोकळी झाली. माझ्यामुळे झालं, माफ कर म्हणाली." ताईंनी नाक पुसलं. "आणि मग मेली नाही ना! ठणठणीत झाली. आता सांगून बसली आहे, तर रोज माझ्या हाताकडे बघते आणि रडते. शहाऐंशी वर्षांची बाई. मी काय करू सांग?"

ताई एकोणतीस वर्षं आमच्यात वावरल्या होत्या. बोटं कशी होतात हे त्यांना आमच्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कळत होतं. आईला त्यांनी शंभर वेळा समजावलं होतं, की मोज्याने बोट येत नाही. म्हातारीचं उत्तर ठरलेलं: "तोंडाने काय, कोणीही सांगेल. मोजा न विणता बोट आणून दाखव, मग बोल."

"तीस तारखेनंतर मला कोण आत घेणार?" ताई म्हणाल्या. "आणि ती तरी किती दिवस पुरणार? हे ओझं घेऊन तिने जाऊ नये गं. बाकी मला काही नको."

मी हो म्हणाले. अगदी छातीठोकपणे. जणू काही माझे मणी माझं ऐकतच होते.

एका खेपेला तेरा दिवस. साडेतीन दिवसांनी मणी, दहाव्या दिवशी पिल्लू काढायचं, मग निळ्या रंगात बुडवून ठेवायचं, म्हणजे कूर्चा, हाडांआधीचा मऊ सांगाडा, निळी होते आणि बाकी अंग काचेसारखं आरपार दिसतं. म्हणजे महिन्यात दोनच खेपा. पहिली खेप तेरा तारखेला हातात आली आणि मी कपाळाला हात लावला. तीस अंड्यांतली सतरा मेलेली. उरलेल्यांत तीन बोटं, तीन बोटं, तीन बोटं. एकाला जादा बोटाच्या जागी नुसता एक कोंब.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी तरातरा अंड्यांच्या खोलीत गेले आणि ताईंवर डाफरले. "तुम्ही इन्क्युबेटरचं दार नीट लावत नाही! पाऱ्याकडे बघा जरा. अडतीस पाहिजे, आणि बघावं तेव्हा पस्तीस, छत्तीस! चार वर्षं पाण्यात चालली माझी!"

ताई खिडकी कापत होत्या. हातातलं अंडं त्यांनी पुरं केलं, पट्टी लावली, खाली ठेवलं. मग माझं कोपर धरलं आणि मला इन्क्युबेटरसमोर नेऊन उभं केलं.

"काच बघ."

इन्क्युबेटरच्या काचेच्या दारावर उघड्या हाताचे ठसे होते, मोजे काढल्यावर हाताला राहते त्या पांढऱ्या पावडरीचे. एक, दोन, दहा, पंधरा, एकावर एक. दाराची मूठ उजव्या हाताने ओढायची आणि डावा हात काचेवर टेकवायचा, अशीच ज्याला सवय आहे त्याचे.

"सकाळी मी पुसली होती काच," ताई म्हणाल्या. "आता अंगठे मोज."

मी मोजले. प्रत्येक ठशाला अंगठा एकच.

"झालं का, बघू या," असं म्हणत मी दर अर्ध्या तासाने ते दार उघडत होते, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. दार उघडलं की ऊब पळते आणि पुन्हा अडतीस व्हायला वेळ लागतो. बहुधा तिकडे मणी आपला निरोप सांगून रिकामा होत असावा आणि इकडे कळी गारठून ऐकायलाच तयार नसावी. हा सगळा शोध मी माझ्या प्रबंधात लिहिलेला नाही. काय लिहिणार?

"ताई, मला माफ करा."

"ते राहू दे. दुसरी अंडी उद्या येतायत. आणि तू या दाराला हात लावायचा नाहीस."

पुढच्या खेपेला मी मणी ठेवले, आणि ताईंनी आपलं स्टूल इन्क्युबेटरच्या दाराला टेकवून त्यावर ठाण मांडलं. पाठ काचेला, तोंड माझ्याकडे. त्यांची सगळी कामं त्यांनी तिथे बसूनच केली. मी जरा जवळ गेले की भुवया वर. एकदा मी म्हणाले, "फक्त पारा बघते हो," तर म्हणाल्या, "पारा मी पाठीने बघतेय." संध्याकाळी घरी जाताना त्या मुठीला पट्टी गुंडाळून अशी गाठ मारायच्या, की सकाळी त्यांनीच सोडवावी. मी एकदा प्रयत्न करून पाहिला. दोन अंगठ्यांनी मारलेली गाठ एका अंगठ्याने सुटत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

सत्तावीस तारखेला पिल्लं निळी झाली. तिसांतली पंचवीस जिवंत होती. त्यांतल्या सोळांना जादा बोट, आणि पाचांना सहाच्या सहा. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि किंचाळले. सर धावत आले, स्टोअरकीपर धावत आला. ताईंनी शांतपणे सूक्ष्मदर्शकात डोकावून बोटं मोजली आणि म्हणाल्या, "चला, आता आईकडे."

त्याच दुपारी आम्ही दोघी निघालो. माझ्या हातात काचेची एक कुपी, तिच्यात त्या पाचांतल्या एकाचा पंख: काचेसारखा आरपार आणि आत सहा निळी बोटं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी एक उंच पाठीची खुर्ची, आणि खुर्चीत आजी. अंगाने चिमुकल्या, आवाजाने नाही.

"हीच का ती कोंबडीवाली?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "बस. ये गं कार्टे, चष्मा दे माझा."

मी कुपी हातात दिली. निरोप काय, मणी काय, सगळं समजावलं. ताई मधे मधे माझं भाषांतर करत होत्या. "आई, टोकाची कड म्हणते, विणत राहा. आणि कोपऱ्यातला घोळका सांगतो, इथे कुठलं बोट घालायचं." आजींना ते एकदम पटलं. विणकाम त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही. त्यांनी भिंग लावून बोटं मोजली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"सहा आहेत खरी," त्या म्हणाल्या.

मी ताईंकडे बघून डोळे मिचकावले. जिंकलो!

"म्हणजे तुम्ही बाहेरून मणी घातलात, म्हणून पिल्लाला बोट फुटलं."

"अगदी बरोबर, आजी!"

"मग माझ्या पोटात कोणी मणी घातला?" आजींनी कुपी मांडीवर ठेवली. "मोजाच तो. मी म्हणतच होते. बाहेरून काही केलं तर आत बोट फुटतं. आता तर तुम्हीच दाखवलंत." आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

चार वर्षं शिकलेली मी, आणि एका वाक्यात म्हातारीने माझाच पुरावा माझ्या डोक्यात घातला होता. "तसं नाही हो आजी," मी म्हणाले. मी बावळटासारखं ताईंकडे पाहिलं.

ताईंनी पर्समधून दुसरी कुपी काढली.

ही कुपी मी जन्मात पाहिली नव्हती. तीत पण निळा पंख होता, पण बोटं तीनच.

"आई, हे बघ. हा मणी पण तोच. निरोप पण तोच. पण घाईबाईने साडेतीन दिवसांनी ठेवला आणि हा मी सातव्या दिवशी ठेवला. कोपरा तोच. कर मोजणी."

आजींनी भिंग लावलं. "तीन."

"तीनच. का? तर सातव्या दिवशी बोटांचं सगळं ठरून गेलेलं असतं. मग कोणी कितीही निरोप दे, ऐकायला कोणी नाही. असे सहा केले मी. सहांना तीनच."

मी आ वासून बघत होते. माझ्या राखून ठेवलेल्या मण्यांमधून हिने मणी ढापले होते! माझ्या नाकाखाली, पाठ दाराला लावून! आणि प्रयोग असा चोख केला होता, की माझ्या चार वर्षांत मला तो सुचला नव्हता. मला एकाच वेळी त्यांना ओरडावंसं आणि मिठी मारावीशी वाटत होतं.

"माणसाचं किती दिवसांत ठरतं?" ताईंनी मला विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. पण आईसमोर ते शिकलेल्या बाईच्या तोंडून यायला हवं होतं.

"चौथ्या आठवड्यात हाताची कळी येते," मी म्हणाले. "आणि दुसरा महिना संपेपर्यंत सगळी बोटं सुटी होऊन तयार. त्यानंतर जादा बोट येत नाही, आजी."

"मोजा कधी विणलास तू?" ताईंनी विचारलं.

"सातव्यात," आजी हळूच म्हणाल्या.

आजी आपल्या बोटांवर मोजत होत्या. पहिला, दुसरा, आणि मग तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा. पुन्हा एकदा मोजलं.

"म्हणजे मी तो मोजा विणला," त्या म्हणाल्या, "तेव्हा हिला दोन अंगठे होतेच?"

"पाच महिने आधीपासून."

"आणि मला पत्ता नाही?"

"कोणालाच नसतो, आजी."

"मग आलं कुठून ते?"

"अंगठ्याच्या बाजूनेही निरोप गेला असणार. का गेला ते माहीत नाही. आम्ही शोधतोय."

"एवढी शिकलीस आणि माहीत नाही?" आजींनी मला झापलं. मग एकदम ताठ बसल्या. "थांब. दुसऱ्या महिन्यात आम्ही घर बदललं होतं. मी एकटीने कपाट ढकललं होतं, भलं मोठं..."

"आई!" ताई ओरडल्या. "आता कपाटावर घसरू नकोस! कपाटाने काही होत नाही!"

"नाही ना होत?" त्यांनी मला विचारलं.

"नाही होत."

आजींनी चष्मा काढला. मला वाटलं, आता त्या हसतील, आम्हाला आशीर्वाद देतील. पण त्या भडकल्या. "साठ वर्षं!" त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मी इस्त्री केली! दुसऱ्यांच्या चादरी, दुसऱ्यांचे शर्ट! मला इस्त्री मुळीच आवडत नाही! कधीच आवडली नाही! आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" आणि मग त्या इतक्या रडल्या, की मला कुठे बघावं कळेना. ताई खुर्चीपाशी खाली बसल्या होत्या. त्यांचंही नाक वाहत होतं.

बऱ्याच वेळाने आजी म्हणाल्या, "दे तो हात इकडे."

ताईंनी डावा हात पुढे केला. आजींनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. मोठा अंगठा दाबून पाहिला, मग बारका. घाबरत घाबरत, पण नीट. नंतर खुर्चीशेजारच्या डब्यातून दोऱ्याचा एक तुकडा काढला आणि प्रत्येक बोटाला गुंडाळून त्याला गाठी मारत बसल्या. आम्ही विचारलं, काय करतेस, तर म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या कोंबड्या बघा."

जिना उतरताना मी ताईंना म्हणाले, "माझे मणी चोरलेत तुम्ही."

"हो. बारा."

"केले तर सहाच ना?"

"सहा मेली. मी पण एकदा दार उघडून बघितलं," ताई म्हणाल्या. "बघावंसं वाटतं गं."

तीस तारखेला निरोप समारंभ झाला. सरांनी भाषण केलं, आणि त्यात तीन वेळा 'हातभार' म्हणाले. स्टोअरकीपरने ताईंना रबरी मोज्यांची एक अख्खी पेटी भेट दिली, वर रिबीन बांधून, आणि मग त्यालाच रडू फुटलं. बाहेर बोचरा वारा सुटला होता. निघताना ताईंनी पर्समधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"आईने दिलंय. इमारतीतून बाहेर पडताना घाल म्हणाली. मी अजून उघडलं नाही."

कागदात राखाडी लोकरीचा एक हातमोजा होता. एकच. टाके कुठे घट्ट, कुठे सैल, एका बोटाचं टोक वाकडं. शहाऐंशी वर्षांच्या हातांनी साठ वर्षांनंतर तीन दिवसांत विणलेला. आणि त्याला अंगठे दोन, एक मोठा, एक बारका.

ताईंनी तो डाव्या हातात घालायला घेतला आणि थांबल्या. मग मला दाखवला. मोजा उजव्या हाताचा होता.

"समोरासमोर बसून माप घेतलं ना तिने," ताई म्हणाल्या. "तिच्या बाजूने बघून विणला. बाई गं!" आणि त्यांना असं हसू आलं, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मलाही आवरेना.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "उसवायचा?"

"खबरदार उसवलास तर." ताईंनी मोजा आतून बाहेर उलटा केला. उजव्याचा डावा झाला. सगळ्या गाठी, दोऱ्यांची सगळी टोकं बाहेर आली. तसाच त्यांनी तो हातात चढवला. आधी चार बोटं, मग मोठा अंगठा, मग बारका. त्याला एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली होती. त्यांनी तो आत दोन-तीनदा हलवून पाहिला.

"आणि दुसऱ्या हाताचा?" मी विचारलं.

"चिठ्ठी आहे." त्यांनी कागद पुढे केला. त्यावर थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं: उजवा बाजारात मिळतो.

मी पायऱ्यांवर उभी राहिले. ताई फाटकापर्यंत गेल्या, वळल्या आणि मला हात केला. डावा.